संक्रमण शिबिरात गालगुंड : पहिल्या सुजेपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत

ठाण्यात पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात आणि सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या इमारतींतली माणसं बोचकी बांधायला लागतात. कुणाला भाडेतत्त्वावरच्या घरांत खोली मिळते, कुणी संक्रमण शिबिरात जातं, कुणाची तात्पुरती सोय मनपा शाळेच्या वर्गात होते. एका वर्गात चार-पाच बिऱ्हाडं, मधे साड्यांचे पडदे, आणि पोरं मात्र सगळी एकाच व्हरांड्यात. अशा ठिकाणी एका मुलाला गालगुंड झालं की आणखी काही मुलांना होणारच, हे धरून चालावं. ती किती, एवढं मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

हा लेख शिबिरात प्रत्यक्ष राबणाऱ्यांसाठी आहे : आशाताई, अंगणवाडी सेविका, कार्यकर्ते आणि अर्थातच मुलांचे आईबाप. मी अशा शिबिरांत मुलांच्या आजारपणाची वही ठेवते. औषधात फारशा चुका होत नाहीत, कारण गालगुंडावर विषाणू मारणारं औषधच नाही. चुका होतात त्या तारखांमध्ये. सूज कधी आली ते कुणी लिहीत नाही. मग मूल किती दिवस वेगळं ठेवायचं, पुढचं मूल कधी आजारी पडेल, साथ संपली असं कधी म्हणायचं, सगळंच अंदाजावर चालतं.

१. सूज दिसण्याआधी : वही, वजन, जागा

शिबिर भरतं त्याच आठवड्यात ही तयारी व्हावी. साथ आल्यावर वही आणायला धावलात की पहिल्या तीन-चार मुलांच्या तारखा हातातून गेल्याच म्हणून समजा.

लांब पानांची वही घ्या. प्रत्येक मुलाची एक ओळ : नाव, वय, वजन, खोली, आधीच्या घराचा पत्ता, घरातला चालू मोबाइल नंबर, शाळा किंवा अंगणवाडी, लशीच्या नोंदी. उजवीकडे चार रकाने कोरे ठेवा : पहिल्या गालाची सूज कधी, दुसऱ्या गालाची कधी, कुठल्या दिवशी सोडायचं, आणि शेरा.

वजन कशाला, असं बायका विचारतात. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही, आणि रात्री साडेअकराला ताप चढल्यावर शिबिरात काटा सापडत नाही. अंगणवाडीचा काटा एका दुपारसाठी आणा आणि सगळी पोरं एकदाच उभी करून मोकळे व्हा.

लसीकरणाचं कार्ड हा इथला खरा घोळ. घर घाईने रिकामं करताना आधार आणि रेशनकार्ड बरोबर घेतात, माता-बाल संरक्षण कार्ड कपाटातच राहतं. कार्ड नसेल तर जुन्या पत्त्यावरच्या आशाताईच्या किंवा नागरी आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद मिळू शकते. अलीकडच्या बाळांची यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर आईच्या मोबाइल नंबरवरही निघते. आधीचा पत्ता लिहून ठेवायचा तो यासाठीच.

वेगळं ठेवायला जागा आधीच हेरून ठेवा. खिडक्या उघडणारा, वारा खेळणारा कोपरा हवा. बहुतेक ठिकाणी सामानाची खोली सुचवली जाते, कारण ती रिकामी करणं सोपं असतं. ती घेऊ नका. कोंदट खोलीत आजारी मुलाचे हाल होतात आणि आई त्याला तासाभरात बाहेर आणते.

पडताळा : वहीतल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे वजन आहे का? लशीपुढे ‘कार्ड पाहिलं’ की ‘तोंडी’, हे लिहिलंय का?

२. हे गालगुंडच आहे का?

सुजेच्या आधी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, डोकेदुखी, जेवणावरची वासना जाणं असं असू शकतं. मग कानाच्या पुढे आणि खाली गाल सुजतो. सूज एक ते तीन दिवस वाढते आणि पुढच्या आठवडाभरात उतरते. बऱ्याचदा आधी एक गाल आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा. काहींचा एकच सुजतो.

बघायची पद्धत सोपी आहे. मुलाच्या मागे उभ्या राहा, समोर नको. मागून दोन्ही कानांच्या पाळ्या एकदम दिसतात. गालगुंडात सुजेच्या बाजूची पाळी वर आणि बाहेर ढकललेली असते. मग बोटाने जबड्याचा कोपरा चाचपा. गालगुंडाच्या सुजेत तो कोपरा हाताला लागत नाही, बुजून जातो. घसा आल्यामुळे मानेत गाठ आली असेल तर गाठ खाली राहते आणि जबड्याचा कोपरा वर स्पष्ट लागतो. तिसरी खूण पोरं स्वतःच देतात : तोंडाला पाणी सुटलं की दुखतं. एका सहा वर्षांच्या पोरीला मी नुसतं विचारलं, ‘चिंच खाणार का गं?’, तर तिने दोन्ही हातांनी गाल धरले.

गालगुंडासारखं दिसणारं दुसरंही काही असतं. दाढ किडून आलेल्या सुजेत हिरडी दुखते. एकच गाल लाल, गरम, हात लावू न देणारा आणि तोंडात पू येत असेल तर गालातल्या लाळेच्या ग्रंथीत जंतूंचा संसर्ग असू शकतो, त्याला वेगळे उपचार लागतात. आठवडे उलटूनही न उतरणारी, न दुखणारी गाठ असेल तर तिचा क्षयरोगाच्या दृष्टीने तपास व्हायला हवा.

सावध : मान दोन्ही बाजूंनी बैलाच्या मानेसारखी फुगली आहे, घशात राखाडी पापुद्रा आहे, तोंडाला घाण वास येतो, श्वास घेताना आवाज होतो. हे गालगुंड नव्हे, घटसर्प असू शकतो. लशी अर्धवट राहिलेल्या मुलांत हे विसरून चालत नाही. वही नंतर भरा, मूल आधी रुग्णालयात पोचवा.

३. तारीख लिहा, मग कळवा

सूज दिसली की पहिलं काम तारीख. ‘आज दिसली’ ही सुजेची तारीख नव्हे. आईला विचारा : ‘पहिल्यांदा कधी वाटलं, गाल जड झालाय?’ उत्तर हमखास ‘झाले दोन-तीन दिवस’ असं येतं. तिथे थांबू नका. रविवारी बाजाराला गेलात तेव्हा होती का? अंगणवाडीत गेला त्या दिवशी होती का? अशा खुणांवरून दिवस पक्का करा.

आता मागे मोजा. गालगुंडाचं मूल सूज येण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्यांना संसर्ग देत असतं. म्हणून त्या दोन दिवसांपासून आजपर्यंत ते कुठे झोपलं, कुणाबरोबर जेवलं, कुठल्या वर्गात बसलं, हे लिहा. विस्थापितांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो : ‘या दिवसांत नातेवाइकांकडे राहिला का?’ शिबिरात जागा पुरत नाही म्हणून पोरांना दिव्याला मावशीकडे नाहीतर कळव्याला आजीकडे पाठवतात. तिथल्यांनाही फोन करायचा.

नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. एकच मूल असलं तरी. एकत्र राहणाऱ्यांत दोन-तीन मुलं झाली की मनपाचा आरोग्य विभाग साथ म्हणून बघतो आणि एकात्मिक रोग सर्वेक्षणाची यंत्रणा हलते. सगळ्या मुलांच्या तपासण्या लागत नाहीत. निदान पक्कं करायला पहिल्या काहींचा गालाच्या आतून नमुना घेतात आणि तो सूज आल्यापासून तीन दिवसांच्या आत घेतला तर चांगला. उशिरा कळवलंत की हे तीन दिवस निघून जातात.

नेहमीची चूक : आजारी मुलांची यादी शिबिराच्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. एका शिबिरात हे झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आया पोरांचे गाल ओढणीखाली झाकून हिंडू लागल्या. आधीच घर गेलेलं, त्यात ‘तुमच्यामुळे खोली रिकामी करायला लावतील’ ही धास्ती. पुढची तीन मुलं आम्हाला सूज उतरताना कळली. यादी वहीत, वही एकीच्याच पिशवीत.

४. पाच दिवस वेगळं : मोजायचं कसं

सूज आली तो दिवस शून्य. त्यानंतरचे पाच दिवस पूर्ण वेगळे. सोमवारी सूज आली तर मंगळवार ते शनिवार पाच दिवस, आणि रविवारी मूल मोकळं. वहीत ‘सोडायचा दिवस’ त्याच वेळी लिहून टाका आणि आईलाही वार सांगा. तिला ‘पाच दिवस’ म्हणू नका, ‘रविवारी सकाळी’ म्हणा. पाच दिवसांवर वाद घालता येतो, रविवारवर येत नाही.

दुसरा गाल गुरुवारी सुजला तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करायची नाही. पहिल्या गालापासूनचीच धरायची. आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत कोंडूनही ठेवायचं नाही. रविवारी गाल थोडा फुगलेला असेल, चालेल. ताप असेल किंवा मूल मलूल असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सोडू नका.

जागा थोडी असली तरी वेगळं ठेवता येतं. दोन-तीन आजारी मुलं एकाच खोलीत एकत्र राहिली तर काही बिघडत नाही, निदान नक्की असेल तर. खाटा किंवा सतरंज्या भिंतीला लागून टाका, एकाचं डोकं ज्या बाजूला तिकडे शेजारच्याचे पाय. मुलाजवळ एकच मोठं माणूस, शक्यतो ज्याला लहानपणी गालगुंड होऊन गेलं आहे असं. ते आजीला विचारलं की कळतं. मिशी फुटलेल्या, कधी गालगुंड न झालेल्या मोठ्या भावाला रात्री दुसरीकडे झोपवा, कारण वयात आलेल्या मुलांना आणि पुरुषांना या आजारात वृषणाला सूज येऊ शकते. गरोदर बाईला आजारी मुलाची सोबत देऊ नका, आणि तिचा संपर्क आला असेल तर तिच्या डॉक्टरांना सांगा.

पडताळा : शाळेला आणि अंगणवाडीला कळवलंय का? तिथे मूल कुठल्या दिवशी येईल हे तारखेसकट सांगितलंय का?

५. पाणी, पेले, हात

गालगुंड लाळेतून आणि खोकण्या-शिंकण्यातून उडणाऱ्या थेंबांतून पसरतं. म्हणून फवारणीवाल्याला बोलावण्याआधी पाण्याच्या पिंपाकडे बघा. त्यात पोरं उष्टा पेला बुडवतात. पिंपाला तोटी बसवा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि पाणी वाढायला एक बाई नेमा.

प्रत्येक मुलाचा पेला वेगळा असं सांगून भागत नाही, कारण सगळ्यांचे स्टीलचे पेले सारखेच. आम्ही पेल्याला रंगीत लोकरीचा धागा बांधतो : लाल सानिकाचा, हिरवा तिच्या भावाचा. मुलं धागा कधी विसरत नाहीत, नाव विसरतात. शिट्टी, चघळायची पेन्सिल, एकाचा चोखलेला पेप्सीकोला दुसऱ्याने चोखणं, हे सगळं त्या आठवड्यात बंद.

हात साबणाने धुवायचे. हा विषाणू साबणाने मरतो, त्यासाठी महागडं काही लागत नाही. भांडी नेहमीच्या साबणाने, जमिनी नेहमीच्या फिनाइलने, खिडक्या उघड्या. व्हरांड्यात धुराचं मशीन फिरवलं की लोकांना बरं वाटतं, पण ते डासांसाठी असतं.

६. मुलाची काळजी

खायला मऊ आणि न चावता गिळता येईल असं : पेज, खिमट, मऊ भात आणि फिकं वरण, कुस्करलेलं केळं. आंबट काही नको : लिंबू, चिंच, कैरी, संत्रं, ताकसुद्धा नको, कारण लाळ सुटली की ग्रंथी दुखते. पाणी घोटघोट सतत. मूल खात नसेल तर एक-दोन दिवस चालतं, पीत नसेल तर चालत नाही. गालाला थंड किंवा कोमट ओली घडी, त्याला जे बरं वाटेल ते.

ताप आणि दुखणं यासाठी पॅरासिटामॉल. डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. इथली चूक बाटलीच्या लेबलवर असते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत तेवढ्याच ५ मिलिलिटरमध्ये २५०. बारा किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतून ५ मिलिलिटर दिलं की १२० मिलिग्रॅम जातं, ते बरोबर. दुसरीतून तेवढंच दिलं की दुपटीहून जास्त. म्हणून शिबिरात एकाच ताकदीची बाटली ठेवा, आणि मापायला घरातला चमचा नको, बाटलीबरोबर येणारा मापाचा पेला घ्या.

ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही. विषाणूच्या आजारात ती दिल्याने मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम होऊ शकतो. प्रतिजैविकं गालगुंडावर चालत नाहीत, केमिस्टने दिली तरी.

लेपाबद्दल विचारतातच. गेरू, हळद, चुना, कुठली ना कुठली आजी काहीतरी लावतेच. चुन्याने कातडी भाजते, तो नको. बाकीच्यावर मी फार वाद घालत नाही, फक्त एवढं सांगते की सकाळी माझ्यासमोर गाल धुवायचा. लेपाखाली सूज लाल झाली की उतरली, काही दिसत नाही.

७. लगेच डॉक्टरकडे न्यायची लक्षणं

बहुतेक मुलं काही न होता बरी होतात. पण वहीत रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक आजारी मुलापुढे खालच्या गोष्टी विचारून खूण करा :

डोकं खूप दुखतंय आणि उलट्या होताहेत, मान पुढे वाकवता येत नाही, मूल गुंगीत आहे, झटका आला. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखतंय. पाणीही गिळवत नाही, आठ तासांत लघवी नाही. मोठ्या मुलाच्या वृषणात दुखणं किंवा सूज. एका कानाने ऐकू येईनासं झालंय. गर्भारपणात ताप आला.

यातलं काहीही असेल तर १०८ला फोन करा किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. ठाणे मनपाचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय शिबिरांच्या लोकांना माहीत असतं. कार्ड, औषधाची बाटली आणि वहीतल्या ओळीचा फोटो बरोबर घ्या.

कानाची गोष्ट हमखास राहून जाते, कारण मूल सांगत नाही. मागे उभं राहून एका कानाजवळ बोटं घासा, मग दुसऱ्या. ऐकू आलं की त्या बाजूचा हात वर करायचा, असा खेळ करा. पोरं आनंदाने करतात. आणि वृषणाची सूज बहुतेक वेळा गाल सुजल्यानंतर आठवडाभराने येते, म्हणजे मूल सुटून खेळायला लागल्यावर. चौदा-पंधरा वर्षांची पोरं लाजून सांगत नाहीत. सोडतानाच बापाला किंवा मोठ्या भावाला बाजूला घेऊन सांगून ठेवा.

८. लस : एमआर आणि एमएमआर एक नव्हेत

‘गोवर-रुबेलाची दोन्ही इंजेक्शनं झालीत, मग गालगुंड कसं झालं?’ हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो. सरकारी वेळापत्रकात ९ ते १२ महिन्यांना आणि १६ ते २४ महिन्यांना जी एमआर लस देतात, तिच्यात गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही. गालगुंड एमएमआरमध्ये असतं, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींच्या एकत्र लशीत. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात तिचे डोस ९ महिन्यांना, १५ महिन्यांना आणि ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान आहेत, आणि खासगी दवाखान्यात ती मिळते. कार्डावर अक्षरं नीट वाचा, एक ‘एम’ जास्त आहे की नाही ते बघा.

साथीत एमएमआर द्यायची का, कुणाला आणि किती डोस, हे मनपाचा आरोग्य विभाग आणि डॉक्टर ठरवतात. आपलं काम म्हणजे त्यांच्या हातात वयानुसार तयार यादी देणं. दोन गोष्टी लोकांना आधी समजावून ठेवा. एक, ज्याच्या शरीरात विषाणू आधीच शिरला आहे, त्याचा हा आजार लशीने थांबत नाही. म्हणून लस घेतल्यावर दहा दिवसांनी गाल सुजला तर लशीला दोष नको. दुसरी, गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती फारच कमी झालेल्यांना ही लस देत नाहीत. शिबिरातल्या लसीकरणाच्या दिवशी नवविवाहितांना हे विचारायला एक बाई दाराशी बसवा. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी सांगत नाही.

त्याच दिवशी ज्यांचे एमआरचे डोस राहिलेत तेही पूर्ण करून घ्या. दाटीवाटीच्या जागेत गोवर गालगुंडापेक्षा कितीतरी जास्त मारतो.

९. साथ संपली कधी?

सर्वांत मोठी गफलत इथे होते. शेवटचं मूल सुटलं, आठवडा शांत गेला, की सगळे हुश्श करतात, वही कपाटात जाते. पण संसर्ग झाल्यापासून सूज यायला साधारण १६ ते १८ दिवस लागतात, आणि १२पासून २५ दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते. म्हणजे पहिला आठवडा शांत जाणारच.

उदाहरण घेऊ. शेवटच्या मुलाला १० जूनला सूज आली. त्याच्यापासून कुणाला संसर्ग झाला असेल तर पुढची सूज साधारण २२ जून ते ५ जुलैच्या दरम्यान दिसेल. हे दिवस कॅलेंडरवर रंगवा आणि त्या काळात रोज सकाळी दात घासताना पोरांचे गाल मागून बघून घ्या. काही मुलांना गालगुंड होतं पण सूज येत नाही, म्हणून पंचवीस दिवसांची एकच मुदत पुरत नाही, दोन धरतात : १० जूनपासून ५० दिवस, म्हणजे ३० जुलै. मधे एखादं नवीन मूल निघालं तर त्याच्या तारखेपासून पुन्हा पन्नास.

या पन्नास दिवसांत शिबिरातली कुटुंबं हलतात. कुणाला घर मिळतं, कुणी गावी जातं. जाणाऱ्यांच्या नावापुढे नवा पत्ता आणि तारीख लिहा. त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्या : शिबिरात गालगुंडाची साथ होती, अमुक तारखेपर्यंत गालाकडे लक्ष ठेवा, सूज आली तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा आणि या नंबरवर कळवा. नवीन येणाऱ्यांची ओळ पहिल्याच दिवशी सुरू करा, वजनासकट.